पावसाचा आकडा ठरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र : रडारची चित्रं पुसू नका

प्रति,
हवामानाचं रडार चालवणारे, महसूल मंडळातले (म्हणजे काही गावांच्या गटातले) पर्जन्यमापक सांभाळणारे, अतिवृष्टीचे निकष लिहिणारे आणि पीकविम्याचे ट्रिगर, म्हणजे पैसे कुठल्या आकड्याला द्यायचे ते, ठरवणारे सगळे अधिकारी, दिल्ली-पुणे-मुंबई, जिथं कुठं बसत असाल तिथं.

साहेब, नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. विषय पावसाचा आहे आणि आमच्याकडं पावसावर थोडक्यात बोलायची पद्धत नाही.

मी निलंगा तालुक्यातला, जिल्हा लातूर. घरचं रान कोरडवाहू, खरिपाला सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी, आणि शिवाय बी-बियाणं आणि औषधांचं छोटं दुकान आहे. दुकानात येणारा माणूस आधी विचारतो फवारू का नको, पेरू का थांबू, काढलेलं झाकू का, आणि औषध नंतर घेतो, त्यामुळं हैदराबादच्या रडारचं पान माझ्या मोबाइलवर पावसाळाभर उघडंच असतं. हो, हैदराबादच्या. लातूरच्या शेतकऱ्यानं तेलंगणाच्या रडारकडं का बघत बसावं याचं उत्तर पुढं येतंय, तुम्हाला ते माहीतही आहे.

आता झालं काय ते सांगतो. सप्टेंबर संपत आला होता, कुणाचं सोयाबीन काढून रानात पसरलेलं, कुणी बनीम (काढलेल्या पिकाचा ढीग) लावलेली. संध्याकाळी उगवतीकडून आभाळ भरून आलं आणि आमच्या बाजूच्या तीन-चार गावांवर जे थांबलं ते हलेचना. रडारवर पिवळा पट्टा आणि मधे लाल, म्हणजे जोराचा ढग, पुढचं चित्र आलं तरी तिथंच, त्याच्या पुढचं आलं तरी तिथंच. ओढा पात्र सोडून रानात शिरला, बांध फुटले, बनीम वाहून गेल्या, आणि जे सोयाबीन राहिलं त्याला शेंगेतच कोंब आले. मंडळाचा पर्जन्यमापक ज्या गावात आहे ते गाव मावळतीला, आमच्यापासून बरंच लांब, तिथं पाऊस झाला पण साधा. सकाळी मंडळाचा आकडा आला तो अतिवृष्टीच्या ६५ मिलिमीटरच्या पुष्कळ खाली. विषय संपला.

ज्या कार्यालयात आम्ही गेलो तिथल्या साहेबांनी चहा पाजला, नीट ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. पण म्हणाले मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही, मी काय करू. मी रडारचे स्क्रीनशॉट दाखवले तर म्हणाले हे मोबाइलवरचं चित्र, उद्या कुणीही रंगवून आणेल. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. मग मी म्हणलो मूळ चित्र साइटवर उघडून बघा, तारीख वेळ सगळं असतं त्याच्यावर. तर ते चित्र साइटवर नव्हतंच. तिथं आम्ही कार्यालयात गेलो त्या दिवशीचं, त्या वेळेचं स्वच्छ निळं-पांढरं आकाश होतं. आमचा पाऊस जाऊन त्याजागी नवा दिवस आला होता.

माझं सगळं म्हणणं एवढ्याच भोवती आहे. एका पर्जन्यमापकाचा आकडा कायम राहतो, कागदावर, पोर्टलवर, कोर्टात सुद्धा. आणि सगळ्या तालुक्यावरचा पाऊस बघणारं रडारचं चित्र काही तासांत गायब होतं. हे उलटं आहे.

तक्रारी सांगतो, एकेक करून.

पहिली तक्रार ६५ मिलिमीटरची. निकष असा की महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. चोवीस तास म्हणजे सकाळी साडेआठ ते सकाळी साडेआठ. निकष ठेवा, निकषाला विरोध नाही, कुठंतरी रेघ मारावीच लागते. पण ही रेघ कुठल्या पाण्यावर मारताय ते बघा. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, मंडळं दोन हजारांच्या वर, म्हणजे एका मंडळाला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर जमीन येते. आणि त्या दीडशे चौरस किलोमीटरचा पाऊस मोजतं कोण, तर जेवणाच्या ताटापेक्षाही लहान तोंडाचं एक भांडं. जुलैत झड लागते तेव्हा ठीक आहे, तेव्हा सगळीकडं सारखाच पाऊस असतो, एक भांडं काय आणि दहा काय. पण आमच्याकडं नुकसान करतो तो जुलैचा पाऊस नाही. करतो तो जूनच्या सुरुवातीचा वळवासारखा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा, ढग उभा वाढतो, पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात सगळं ओततो आणि शेजारच्या शिवारात धूळ सुद्धा बसत नाही. बैलाचं एक शिंग भिजतं एक कोरडं राहतं असं म्हातारे म्हणायचे ते ह्याच पावसाला.

आणि हे फक्त आमच्या खेड्यातलं गाऱ्हाणं समजू नका. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. मधे अंतर पंचवीसेक किलोमीटर. समजा मुंबई एक महसूल मंडळ असतं आणि त्याचा पर्जन्यमापक फक्त कुलाब्याला असता. त्या हिशोबानं मुंबई त्या दिवशी कशीबशी अतिवृष्टीत बसली असती बघा, ८ मिलिमीटरनं. मुंबईचं तसं झालं नाही कारण तिथं दुसरं केंद्र होतं आणि बघायला सगळा देश होता. पुढं काही वर्षांत कुलाब्याला डॉप्लर रडार आलं, २०२२ च्या जानेवारीत अंधेरीच्या वेरावलीला दुसरं आलं. चांगलं झालं, मुंबईला लागतंच. पण अख्ख्या मराठवाड्यात आमच्या ओढ्यावरचा ढग खालून-वरून नीट बघणारं रोजच्या वापरातलं काय आहे ते सांगा.

दुसरी तक्रार त्या भांड्याबद्दलच, थोडक्यात. स्वयंचलित पर्जन्यमापकात आत एक छोटी डोलणारी बादली असते, ठरावीक पाणी साठलं की ती पालथी होते आणि एक ठोका मोजला जातो. जोराच्या पावसात बादली पालथी होता होता वरून पडणारं पाणी मोजणीतून निसटतं, म्हणजे नेमक्या ज्या पावसासाठी हे यंत्र महत्त्वाचं त्याच पावसाला ते कमी दाखवतं. गाळणीत पालापाचोळा अडकतो, पाखरं घाण करतात, कोळी जाळं करतो, शेजारी झाड वाढतं, कुणीतरी भिंत बांधतं. वारा असला की पाऊस तोंडात न पडता बाजूनं जातो. यातलं काहीही झालं तरी पोर्टलवर येतो तो एक स्वच्छ आकडा, दशांश चिन्हासकट, आणि दशांश चिन्ह बघितलं की माणसाला वाटतं फार बारकाईनं मोजलंय. त्या केंद्राची शेवटची साफसफाई कधी झाली, तपासणी कुणी केली, हे गावकऱ्याला कुठं दिसतं?

तिसरी तक्रार मोठी आहे, इथं जरा थांबा.

मी काही इंजिनिअर नाही, पण रडार बघून बघून आणि त्याच्यावर वाचून जेवढं समजलंय ते सांगतो, म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या लोकांनाही कळेल की मी रडारची आरती ओवाळत नाहीये. रडार पाऊस मोजत नाही. ते लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात, किती जोरात परत आल्या ते रडार बघतं. तो जोर डीबीझेड या एककात मोजतात आणि चित्रातले निळे-हिरवे-पिवळे-लाल रंग त्याचे असतात, मिलिमीटरचे नाही. आता गोम अशी की परत येणारा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. दोन मिलिमीटरचा एक थेंब रडारला एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांएवढा दिसतो, पण त्यात पाणी असतं फक्त आठ थेंबांचं. म्हणजे थेंब मोठे पण मोजके पडले तर रडार घाबरवतं, आणि बारीक थेंबांचा दाट पाऊस असला, सह्याद्रीच्या घाटात असतो तसा, तर रडार म्हणतं काही विशेष नाही आणि खाली धरण भरत असतं.

मग रंगावरून मिलिमीटर काढायला सूत्र लागतं. सगळ्यात प्रसिद्ध सूत्र मार्शल आणि पामर यांच्या नावानं ओळखलं जातं, १९४८ सालच्या त्यांच्या कामावरून, आणि ते काम होतं कॅनडातल्या पावसाच्या थेंबांवर. उष्ण प्रदेशातल्या जोरदार पावसासाठी अमेरिकेत दुसरं सूत्र वापरतात. दोन्ही घेऊन ४५ डीबीझेडचा हिशोब करून बघा, पहिल्यानं ताशी साधारण २४ मिलिमीटर येतो, दुसऱ्यानं ५६. रंग तोच! दीड तास तो रंग आमच्या डोक्यावर उभा राहिला तर एका सूत्रानं ३६ आणि दुसऱ्यानं ८४, म्हणजे एका सूत्रानं आम्ही निकषाच्या बाहेर आणि दुसऱ्यानं आत. लातूर-बीड-धाराशिवच्या सप्टेंबरच्या पावसाला कुठलं सूत्र लागू पडतं याचं उत्तर आमच्याच पावसाचे थेंब मोजून मिळणार, कॅनडाच्या नाही. थेंबांचा आकार मोजायची यंत्रं असतात, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं महाबळेश्वरला घाटातल्या ढगांचा अभ्यास करायला प्रयोगशाळा सुद्धा उभी केली आहे. तशी यंत्रं मराठवाड्यात दहा ठिकाणी ठेवा की.

आणि आता अंतर. निलंगा हैदराबादच्या रडारपासून सरळ रेषेत जवळजवळ दोनशे किलोमीटर. रडारचा झोत सरळ जातो आणि जमीन खाली वाकत जाते. सगळ्यात खालचा झोत अर्धा अंश वर धरला तर शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून दीड किलोमीटर उंच असतो, दोनशेवर चार किलोमीटर. शिवाय झोत पसरत जातो, दोनशे किलोमीटरवर त्याची जाडी साडेतीन किलोमीटरच्या आसपास होते. म्हणजे रडार आमच्या रानावरचा पाऊस बघतच नाही, बघतं ते साधारण सव्वादोन ते पावणेसहा किलोमीटर उंचीवर ढगाच्या पोटात काय चाललंय ते. त्यात पावसाळ्यात पाचेक किलोमीटरवर बर्फ वितळायचा थर असतो, अर्धवट वितळलेले ओले बर्फाचे कण रडारला भलतेच मोठे थेंब वाटतात आणि चित्रात उगाच पिवळं-लाल चमकतं. उलट बाजूनं, खालची हवा कोरडी असली तर वरून निघालेला पाऊस जमिनीवर यायच्या आतच सुकून जातो, जूनमध्ये हे कितीदा बघितलंय, रडारवर हिरवंगार आणि दुकानासमोर फुफाटा. लातूर शहर तर अजून लांब, सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे रडारच्या वर्तुळाच्या पार कडेला.

हे सगळं माहीत असून मी रडार का मागतोय? कारण दोनशे किलोमीटरवरून बघणारं रडार मिलिमीटरला चुकतं, पण ढग कुठल्या गावावर होता आणि कुठल्या नव्हता हे सांगायला ते बहुतेक वेळा चुकत नाही. आणि आमचं भांडण मिलिमीटरचं नंतरचं आहे, आधी भांडण हे आहे की पाऊस ज्या गावावर पडला त्या गावाचा तो धरलाच नाही.

मराठवाड्याच्या रडारची चर्चा निघाली की म्हैसमाळचं नाव येतं. येऊ द्या, छत्रपती संभाजीनगर-जालन्याचं भलं होईल, आमचा काही आक्षेप नाही. पण नकाशावर पट्टी लावून बघा, म्हैसमाळ ते निलंगा सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर भरतं, म्हणजे हैदराबादपेक्षाही लांब! मराठवाड्याला रडार दिलं असं उद्या पेपरात छापून येईल आणि लातूर, उदगीर, निलंगा, देगलूर जिथल्या तिथं. आमच्यासाठी सोलापूर जवळ आहे, निलंग्यापासून शंभर किलोमीटर. आणि सोलापूरला रडार नवीन नाही हो, ढगांत बीजारोपण करायचा जो केंद्राचा प्रयोग झाला २०१८, २०१९ च्या सुमाराला त्यासाठी तिथं सी-बँडचं (आखूड लहरींचं) चांगलं दुहेरी ध्रुवीकरणाचं, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही लहरी सोडून थेंबाचा आकार ओळखणारं, रडार होतं. औरंगाबादेतही कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ ला रडार आणलं होतं. म्हणजे पाऊस नसताना तो पाडायचा असला की रडार येतं, आणि पडलेला पाऊस मोजायचा असला की भांडं! हे बरं आहे.

चौथी तक्रार तुमच्या साइटची. रडारचं चित्र दर थोड्या मिनिटांनी बदलतं, मागच्या काही तासांची हलती चित्रं दिसतात, पण आठवड्यापूर्वीचं, महिन्यापूर्वीचं, नुकसानीच्या रात्रीचं चित्र सामान्य माणसाला तिथं मागं जाऊन बघता येत नाही. डेटा पाहिजे तर रीतसर अर्ज करा. शेतकऱ्याला विम्यात स्थानिक आपत्तीची खबर द्यायला मुदत किती होती माहितीये ना? ७२ तास. आम्ही ७२ तासांत फोन लावायचा, ॲपवर फोटो टाकायचे, चिखलात उभं राहून नेटवर्क शोधायचं, आणि त्या रात्री ढग कुठं होता याचा सरकारी पुरावा मात्र त्याच्याही आधी पडद्यावरून उतरलेला असतो. बरं ती चित्रं तुमच्याकडं जपून असणारच, शास्त्रज्ञ त्याच्यावर पेपर लिहितात. मग आमच्यापुरतीच का जातात?

शिवाय चित्र म्हणजे डेटा नाही. चित्रातल्या रंगावरून गावाचा आकडा काढायचा म्हणजे मी स्क्रीनशॉट मोठा करतो, जिल्ह्याची रेघ शोधतो, तिच्यावरून तालुका अंदाजे धरतो, मग आमच्या गावाच्या जागी बोट ठेवून बाजूच्या पट्टीतला रंग जुळवतो, तेवढ्यात उन्हानं स्क्रीन दिसत नाही. हे काम करायला आकडे पाहिजेत, प्रत्येक किलोमीटरच्या चौकटीचे.

पाचवी, छोटी. तुमच्याकडं उपग्रह आणि पर्जन्यमापक जोडून केलेला रोजचा पाऊस असतो त्याची चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे एका बाजूला २६-२८ किलोमीटर. एका चौकटीत आमची चार-पाच मंडळं बसतात. हवामानबदलाच्या अभ्यासाला उत्तम असेल. ओढ्याला उपयोग नाही.

आता कुणी म्हणेल इतकं बारीक मोजणं आपल्या देशाला परवडत नाही. जर्मनी बघा. आकारानं महाराष्ट्रापेक्षा थोडाच मोठा, १७ रडार, आणि रडारच्या चित्राला जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या आकड्यांनी खाली-वर करून दर तासाचा पाऊस एक-एक किलोमीटरच्या चौकटीत काढतात. रडारला माहीत असतं पाऊस कुठं पडला, पर्जन्यमापकाला माहीत असतं त्या जागी नेमका किती पडला, दोघांची सांगड घालायची, बस. २०१७ साली तिथं कायदा बदलून हवामान खात्याचा बहुतेक डेटा सगळ्यांना फुकट केला. अमेरिकेच्या दीडशेवर रडारांचा जुना-नवा डेटा घरी बसून उतरवता येतो, मी दुकानात बसून उतरवून बघितलाय, कॅन्ससवरचा कुठलातरी जुना पाऊस मला निलंग्यात दिसतो आणि माझ्या शिवारावरचा मागच्या महिन्याचा दिसत नाही. आपल्याकडं पैसा नाही असंही नाही, सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं मिशन मौसमला दोन हजार कोटी मंजूर केलेत, त्यात रडार वाढवायचे आहेतच. आणि रडारनं नुसता पंचनामाच सुधारेल असं नाही, २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं परंडा-माढ्याकडं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, वरच्या बाजूला कुठल्या ओढ्यावर किती ओतलं हे तासागणिक कळलं तर खालच्या गावाला गुरं सोडायला वेळ मिळतो.

एक भीती पण सांगून ठेवतो, कारण हे पत्र वाचून उद्या एखादी विमा कंपनी खूश व्हायला नको. रडारचा कच्चा आकडा घेऊन तुमच्या गावात पाऊस झालाच नाही असं म्हणत दावे फेटाळायला सुरुवात झाली तर आम्ही आगीतून उठून फुफाट्यात पडलो. दोनशे किलोमीटरवरून झोत चार किलोमीटर उंच असेल तर खालचा उथळ ढग रडारला दिसणारच नाही, सी-बँड आणि एक्स-बँड या आखूड लहरींच्या रडारला तर जवळच्या मुसळधार पावसाच्या मागचा पाऊस झाकला जातो, लहरी पुढं पोचतच नाहीत. म्हणून रडारला पाऊस दिसला तर ती साक्ष धरा, आणि दिसला नाही तर त्यावरून पाऊस नव्हता असं धरू नका, निदान जिथं झोत दोन किलोमीटरच्या वर आहे तिथं तरी नाही. फळपीक विम्यात हवामान केंद्राच्या आकड्यावर थेट पैसे ठरतात, मोसंबीवाल्यांना, द्राक्षवाल्यांना, डाळिंबवाल्यांना विचारा एका केंद्रावर अवलंबून राहणं म्हणजे काय असतं. तिथं ही साक्ष सगळ्यात जास्त लागणार आहे.

मागण्या साध्या आहेत.

राज्यात दिसणाऱ्या प्रत्येक रडारची जुनी चित्रं, आणि चित्रांमागचे आकडे, निदान पाच वर्षांचे, तारीख-वेळ टाकून कुणालाही बघता आणि उतरवता आले पाहिजेत. अर्ज नको, फी नको. आणि त्या पानावरून काढलेली प्रत तलाठ्यापासून विमा प्रतिनिधीपर्यंत सगळ्यांनी पंचनाम्यासोबत जोडून घ्यावी असा लेखी आदेश काढा. त्यावर फक्त एवढं लिहिलेलं असू द्या की या गावावर झोताची उंची किती होती, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल किती भरवसा ठेवायचा.

मंडळाचा आकडा ६५ च्या खाली असेल पण रडारच्या चित्रात त्याच मंडळातल्या एखाद्या गावावर जोरदार ढग तासाभरापेक्षा जास्त उभा दिसत असेल तर त्या गावाचा पंचनामा आपोआप व्हावा. मदत लगेच द्या असं म्हणत नाही, माणूस पाठवा, त्यानं ओढा बघावा, बांध बघावे, कोंब आलेलं सोयाबीन हातात घ्यावं. सरकारनं २०२३ साली सततच्या पावसाला आपत्ती मानलं तेव्हा ६५ च्या बाहेरही नुकसान असतं हे मान्यच केलं होतं ना, मग एकाच गावावर फुटलेल्या ढगाला का नाही?

लातूर-धाराशिव-नांदेडच्या पट्ट्याला शंभर किलोमीटरच्या आत येईल असं रडार द्या, रोजच्या मोजणीसाठी, प्रयोगापुरतं नाही. लातूरला बसवा, उदगीरच्या बाजूला उंचावर बसवा, किंवा सोलापूरचं रोजच्या कामाला जोडा, जागा तुम्ही ठरवा. नाव मराठवाड्याचं आणि वर्तुळ अर्ध्याच मराठवाड्यावर असं मात्र करू नका.

ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक बसवायची विंड्स नावाची योजना केंद्रानं २०२३ ला जाहीर केली, ती करा, लवकर करा, पण प्रत्येक यंत्राच्या देखभालीची तारीख पोर्टलवर आकड्याच्या शेजारीच दिसू द्या. आणि जिथं रडार एक सांगतंय आणि यंत्र भलतंच सांगतंय तिथं यंत्र तपासायला माणूस त्याच आठवड्यात गेला पाहिजे. खरं तर रडारचा हा सगळ्यात स्वस्त उपयोग आहे, तुंबलेली गाळणी पकडायला.

आणि रंगावरून मिलिमीटर काढायला कुठलं सूत्र वापरता ते जाहीर करा. रडारनिहाय, हंगामनिहाय. चुकीचं असलं तरी चालेल, आमच्याकडं शिकलेली पोरं आहेत, ती गावागावातल्या पर्जन्यमापकांशी ताडून दाखवतील किती चुकतंय. आमच्या भागात बऱ्याच जणांनी स्वतःच्या रानात साधे प्लास्टिकचे मोजपात्र लावलेत, सकाळी साडेआठला वाचून ग्रुपवर टाकतात, मी स्वतः विकतो ते. त्या आकड्यांना सरकारी मोल नाही हे आम्हाला कळतं, पण सूत्र तपासायला कुणाला पाहिजे असतील तर सगळे द्यायला तयार आहोत.

यातलं रडार बसवायला वर्षं लागतील, मान्य. जुनी चित्रं खुली करायला नवीन लोखंड लागत नाही, सर्व्हरवर आहेत ती लोकांना दाखवायची आहेत. मृगाच्या पेरण्या जूनमध्ये सुरू होतील. हे एक काम त्याच्या आत करा, आणि आमच्या त्या सप्टेंबरच्या रात्रीचं चित्र त्यात असू द्या. त्याची प्रत घेऊन आम्ही परत त्याच कार्यालयात जाणार आहोत.

कळावे,
आपला,
निलंगा तालुक्यातला एक सोयाबीनवाला दुकानदार

ता. क. : गारपिटीचं लिहायचं राहिलंच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली ती इथला कुणी विसरलेला नाही. गार पर्जन्यमापकात पडली तर वितळून दोन-चार मिलिमीटर पाणी भरतं, आणि कागदावर तो किरकोळ पाऊस होतो. दुहेरी ध्रुवीकरणाच्या रडारला चपटा थेंब आणि गडगडत येणारी गोल गार यातला फरक कळतो. तर रडार देताना तसलंच द्या, साधं देऊन बोळवण करू नका.